'हे' म्हणजे काय, मावशी?

आज सकाळी डिचोलीहून भाच्याचा फोन आला. तो अकरावीत विज्ञान शाखेत शिकतो. त्याला जन्मापासून दिसत नाही, संगणक मात्र माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला चालवतो. त्याच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर गणिताची सराव प्रश्नपत्रिका आली होती आणि त्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, तिच्यातला एक शब्दही उच्चारायला तयार नव्हते. नावाला ती पीडीएफ होती, प्रत्यक्षात छापील कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो होता, आणि स्क्रीन रीडरच्या दृष्टीने असा फोटो म्हणजे कोरा कागद. मग त्याने अक्षरे ओळखणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधून ती काढली, तेव्हा वर्गसमीकरणाचे सूत्र त्याला असे ऐकू आले: "एक्स इक्वल्स मायनस बी प्लस मायनस बी टू मायनस फोर ए सी टू ए." बीचा वर्ग होता, त्याचा 'बी टू' झाला, वर्गमूळ नाहीसे झाले, आणि छेदातला दोन ए थेट चार एसीच्या शेपटीला जाऊन चिकटला. आता डोळे मिटून यावरून मूळ सूत्र मांडून दाखवा.

त्याने गटावर नम्रपणे टाइप केलेली प्रत मागितली. त्यावर एका पालकाने लिहिले, "अशा मुलांनी गणित घ्यावेच कशाला?" त्यांना कोणीही हटकले नाही. दोघांनी तर त्यावर पसंतीचा अंगठाही टाकला.

मी फोंड्याजवळच्या एका शाळेत एकोणतीस वर्षे गणित शिकवले, आणि आपण चांगले शिकवतो असा माझा पक्का समज होता. भाचा आठवीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता. पडवीत बसून मी त्याला अपूर्णांकांची बेरीज समजावत होते: "हे घे, ह्याला ह्याने गुण, मग हे खाली तसेच ठेव." त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मावशी, 'हे' म्हणजे काय?" माझे बोट हवेतच राहिले. एकोणतीस वर्षे माझे अर्धे गणित खडूच्या टोकाने शिकवले जात होते, तोंडाने नाही, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणूनच "अशा मुलांनी" हे शब्द मला इतके लागले. अडचण मुलाच्या डोळ्यांत नाही, आपल्या 'हे'मध्ये आहे. आणि प्रश्नपत्रिकेचा फोटो म्हणजे तेच 'हे', फक्त बोटाऐवजी कॅमेऱ्याने दाखवलेले. यावरचा उपाय कोणी आज शोधायचा आहे असेही नाही. समीकरणाचे चित्र न काढता त्यातला अंश कोणता, छेद कोणता, वर्गमूळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे लिहून ठेवणारी मॅथएमएल ही भाषा १९९८ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. क्रोमने तिला नीट आधार देईपर्यंत २०२३ उजाडले, ही लाजिरवाणी दिरंगाई आहेच. पण आज एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, ज्याची सुरुवात २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने केली. त्याला गणित वाचणारी मॅथकॅट नावाची जोडही फुकटच आहे. भाचा बाणाच्या कळीने समीकरणाच्या आत उतरतो, नुसता छेद ऐकतो, पुन्हा वर येतो; जसे आपण कागदावर नजर मागे-पुढे फिरवतो, अगदी तसेच.

आणि हे काही परक्यांचेच कर्तृत्व नाही. पुण्यात जन्मलेल्या टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. पुढे ते गणित शिकले आणि १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी पीएचडीसाठी जी प्रणाली उभारली ती गणित बोलून दाखवणारीच होती; घातांक आला की तिचा आवाज वरच्या पट्टीत जाई. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण पावकी, निमकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा आणि साडेतीनचे पाढे, तिला तोंडपाठ होती, तीही कानानेच शिकलेली. कानाला गणित कळत नाही, असे मराठी माणसाने तरी म्हणू नये.

शिक्षकांवर कामाचा डोंगर असतो, हे मान्य. मीही तो उपसला आहे. आलेख आणि भूमितीच्या आकृत्या नुसत्या बोलून पोचत नाहीत, त्यांना बोटाला जाणवणारी उठावाची रेषाच लागते, हेही मान्य. पण सूत्र टाइप करायला कोणता डोंगर आड येतो? वर्डमध्ये समीकरणाची सोय कित्येक वर्षांपासून आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे बेचाळिसावे कलम मजकूर सुलभ स्वरूपात असण्याविषयी बोलते, आणि २०२३ च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला तेव्हा आपण सगळ्यांनी जांभळे कपडे घालून फोटो टाकले होते. माझाही फोटो आहे. शोधला तर सापडेल.

सकाळी हे लिहायला घेतले तेव्हा त्या पालकांचे नाव इथे टाकण्याइतकी मी संतापले होते. आता ते नको वाटते. त्या पडवीतल्या दुपारपर्यंत मी तरी कुठे वेगळी होते? माझ्या हस्ताक्षरातल्या, झेरॉक्सवर झेरॉक्स काढलेल्या सरावपत्रिका कोणाकोणाच्या हातात कोऱ्या कागदासारख्या पडल्या असतील, कोण जाणे.

दुपारी बसून मी ती प्रश्नपत्रिका स्वतः टाइप केली. बारा प्रश्नांना अडीच तास लागले, कारण सवय नाही. संध्याकाळी त्याला पाठवली. दहा मिनिटांत फोन आला. "मावशी, पाचव्यात तुझं वर्गमूळ बी वर्गापाशीच संपतंय. वजा चार एसी बाहेरच राहिलं."

मी चष्मा लावून पाहिले. वर्गमूळाची आडवी रेघ खरोखरच आखूड पडली होती.