विलायती टपाल आणि सुएझ कालवा : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मुंबईहून विलायतेला आगबोटीने जाणाऱ्या टपालाची व्यवस्था आणि त्याचे दर यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण प्रतिक्रिया लिहिली आहे. इतर वाचकांच्या सोयीसाठी ती येथे जशीच्या तशी देतो : “लेखकाला आणे-पेन्सचे साधे गणित जमत नाही, आधी दहा पेन्सचे सहा आणे आठ पै आणि पुढे एका पेनीचा एक आणा, हे कसे? १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर टपाल कालव्यातूनच जात होते हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, तरी हे महाशय ते जवळजवळ वीस वर्षे रेल्वेत बसवून ठेवतात. पी. अँड ओ. कंपनीचे अनुदान भारतीय रयतेच्या पैशातून जात होते, ही गोष्ट मात्र एका ओळीत उरकली आहे. असले गोडगोड लेखन आता पुरे.”

आपल्याला एखादी गोष्ट खटकली, तर ती विचारण्यास एक प्रश्नचिन्ह पुरेसे होते. ‘शाळकरी मूल’ आणि ‘हे महाशय’ यांची त्यासाठी गरज नव्हती. ज्या गोष्टीची आपण स्वतः खातरजमा केलेली नाही, ती दुसऱ्याच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून मांडण्याची ही रीत मला अनाकलनीय वाटते. तरीही आपण वाचक आहात, म्हणून सविस्तर लिहितो.

आपला पहिला आक्षेप अंशतः मान्य आहे. दरांच्या तक्त्याखाली त्या त्या काळचा रुपयाचा भाव दिला असता, तर आपली अडचण झाली नसती. १८६० च्या दशकात रुपया दोन शिलिंगांचा, म्हणजे चोवीस पेन्सचा धरला जात असे; त्या हिशेबाने (रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे बारा पै) दहा पेन्सचे सहा आणे आठ पै होतात, आणि नेमक्या त्या किमतीचे तिकीट १८६७ मध्ये निघालेले आहे. पुढे चांदीचा आणि तिच्याबरोबर चांदीच्या रुपयाचा भाव घसरत गेला आणि १८९८ मध्ये ब्रिटिश साम्राज्यांतर्गत पेनी टपाल, म्हणजे एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय, सुरू झाले, तेव्हा रुपया एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास होता. सोळा आण्यांना सोळा पेन्स, म्हणून पेनीचा एक आणा. गणित चुकलेले नाही, टीप राहिली होती.

आता कालव्याविषयी. कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये उघडला, हे मलाही शाळेतच कळले होते. परंतु कालवा उघडणे आणि टपाल त्यातून जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत, कारण टपालाचा मार्ग नकाशावरून ठरत नव्हता, तो ब्रिटिश टपालखात्याने पी. अँड ओ. या ब्रिटिश आगबोट कंपनीशी केलेल्या करारावरून ठरत होता. हा करार कालव्यापूर्वीचा होता आणि त्यात टपाल इजिप्तमधून जमिनीवरून न्यायचे असे धरलेले होते. थैल्या अलेक्झांड्रियाला उतरवायच्या, आगगाडीने सुएझला न्यायच्या आणि तेथे पुन्हा बोटीवर चढवायच्या, ही व्यवस्था कैरो ते सुएझ हा लोहमार्ग १८५८ मध्ये झाल्यापासून चांगली बसलेली होती. त्यामुळे कालवा झाल्यावरही कंपनीची बोट माल आणि उतारू घेऊन कालव्यातून जाई, आणि तिच्यातून उतरवलेल्या थैल्या आगगाडीने सुएझला पोचून कधीकधी त्याच बोटीवर पुन्हा चढत. हे हास्यास्पद वाटते, हे मी मूळ लेखातही म्हटले होते. आपण तेथपर्यंत वाचले असते, तर बरे झाले असते.

कंपनीला हा खटाटोप हवा होता असे नाही. टपाल कालव्यातून नेऊ द्यावे ही मागणी तिचीच होती. परंतु अडलेल्याकडून सूट उकळण्याची संधी टपालखाते सोडणार नव्हते. अखेर १८७४ मध्ये जड टपालाला, म्हणजे साउथॅम्प्टनमार्गे समुद्रानेच सावकाश जाणाऱ्या टपालाला, कालव्याची मुभा मिळाली, आणि तिची किंमत कंपनीने टपाल नेण्याबद्दल मिळणाऱ्या सरकारी अनुदानातील कपात सोसून चुकती केली. इटलीतील ब्रिंडिसी बंदरावरून येणारे जलद टपाल तरीही इजिप्तच्या रेल्वेनेच जात राहिले, ते १८८८ पर्यंत. यामागे निव्वळ हट्ट होता असेही मी म्हणणार नाही. कालवा तेव्हा अरुंद आणि उथळ होता, बोटी त्यात रुतून बसत, आणि रात्री वाहतूक बंद असल्याने त्यांना जागीच थांबावे लागे. विजेचे प्रखर दिवे लावलेल्या बोटींना रात्री जाण्याची परवानगी १८८७ मध्ये मिळाली. उशिराबद्दल दंड भरावा लागेल अशा करारात आगगाडी हाच भरवशाचा मार्ग होता. १८८७ आणि १८८८ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहिली असती, तर आपल्याला हे माझ्या मदतीशिवायही उमगले असते.

मला हे कोठून कळले, असा आपला पुढचा प्रश्न असेल. माझे वडील नोकरीभर मुंबईत परदेशी टपालाच्या छाननीत होते. कोणती थैली कोणत्या मार्गाने जायची हे अंतर मोजून ठरत नाही, वरून आलेल्या हुकमाने ठरते, हे मी जेवताना ऐकत वाढलो. त्या काळातील पाकिटे मी तरुणपणापासून जमवीत आलो आहे. त्यांच्यावर पाठवणाऱ्याने स्वतःच्या हाताने ‘ब्रिंडिसीमार्गे’ किंवा ‘साउथॅम्प्टनमार्गे’ असे इंग्रजीत लिहिलेले असते, कारण वेगाप्रमाणे दर बदले आणि मार्ग न लिहिता टाकलेल्या पत्राचा हिशेब कारकुनाच्या डोक्याला ताप होई. आपण अशी पाकिटे हाताळली असतील, तर तसे लिहावे. हाताळली नसतील, तर आपला आवाज थोडा खाली ठेवावा.

राहता राहिले अनुदान. त्यातील काही भार भारताच्या महसुलावर पडत होता, हे मी नाकारलेले नाही. आपणच म्हणता त्याप्रमाणे ते एका ओळीत लिहिलेले आहे, आणि लेखाचा विषय पत्र पाठवणाऱ्याने तिकिटाला किती पैसे दिले हा असल्याने मला तेवढी ओळ पुरेशी वाटली. तिजोरीतून कंपनीला काय गेले यावर वेगळा लेख होऊ शकतो, आणि आपल्याला त्याची इतकी निकड वाटत असेल, तर तो आपणच लिहावा. ‘गोडगोड’ या विशेषणाला मी उत्तर देत नाही. तक्त्याखालची रुपयाच्या भावाची टीप आज जोडली आहे.