मोनार्क, दादा आणि यादीतलं गाव

सप्टेंबरात आम्ही लेक ईरीकाठच्या पॉइंट पिलीला जातो. कॅनडाच्या मुख्य भूमीचं हे दक्षिण टोक, पुढे नुसतं पाणी. वारा उलटा असला की मोनार्क फुलपाखरं इथल्या झाडांवर गोळा होऊन थांबतात आणि वारा फिरला की तळं ओलांडून मेक्सिकोच्या वाटेला लागतात. झाडाला लगडलेल्या फुलपाखरांचा फोटो मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पुण्याच्या भाच्याचं लगेच उत्तर, "बघा, तिकडे फुलपाखरासाठीसुद्धा जागा राखतात. आणि आपल्याकडे!"

टोमणा दादाला होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. सावंतवाडीजवळ त्याची काजू-आंब्याची कलमं आहेत आणि त्याचं गाव पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह झोनच्या यादीत आहे. केंद्र सरकारच्या जुलै 2024 च्या मसुद्यात सहा राज्यांतलं 56,825 चौरस किलोमीटर क्षेत्र येतं, त्यातलं 17,340 महाराष्ट्रातलं. दादाने एवढंच लिहिलं, "तुमका थंय बसान सांगूक काय जाता?"

मला भाच्याची बाजू घ्यायची होती. पण "तिकडे राखतात" हे वाक्य घशाखाली उतरेना, कारण मी तिकडेच राहतो.

मोनार्कची अळी मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाही. हे झाड चिकाचं, शनिवारी मारुतीला ज्याच्या पानांची माळ घालतो त्या रुईच्या कुळातलं. आपल्याकडे रुईवर वाढणारं प्लेन टायगर हे मोनार्कच्याच डॅनस प्रजातीतलं. अमेरिकेच्या मका-सोयाबीनच्या पट्ट्यात पूर्वी पिकांच्या ओळींत मिल्कवीड उगवायचं. 1990 च्या दशकात तणनाशक सोसणारं बियाणं आलं, शेतं फवाऱ्याने स्वच्छ झाली आणि मिल्कवीड गेलं. आमच्या ओंटारियोत तर 2014 पर्यंत ते कायद्याने उपद्रवी तण होतं. मी समोरच्या अंगणात चार रोपं वाढू दिली, तर नगरपालिकेची नोटीस आली: तण कापा. रोपं मागच्या कुंपणापाशी हलवली तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

तर उत्तरेत आम्ही शेतं साफ केली, आणि जंगल राखायचं कुणी? मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरातल्या माणसांनी.

हिवाळ्यात मोनार्क तिथे सुमारे 3,000 मीटर उंचीवरच्या ओयामेल या देवदारासारख्या झाडांवर झुंबडीने बसतात. टोरंटोचे फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांची पत्नी नोरा यांनी फुलपाखरांच्या पंखांना चिकटपट्ट्या लावून कित्येक वर्षं त्यांचा माग काढला, आणि जानेवारी 1975 मध्ये त्यांचे सहकारी केन ब्रगर व कातालिना आग्वादो यांना सेरो पेलोनवर ती जागा सापडली. जगाला सापडली, असं म्हणू. गावकऱ्यांना ती ठाऊकच होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या सणाच्या सुमारास ही फुलपाखरं येतात, म्हणून तिथे ती गेलेल्या माणसांचे आत्मे मानतात. पितृपक्षात कावळ्याची वाट बघणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

1986 मध्ये सरकारने तिथे तोडबंदी केली. जंगल गावांच्या सामाईक मालकीचं; अशा गावसमूहांना तिथे एहिदो म्हणतात. भरपाई मात्र नाही. माणसं चिडली आणि चोरून तोड होत राहिली. 2000 मध्ये राखीव क्षेत्र 56,259 हेक्टर केलं. (आकडा आपल्या मसुद्याच्या जवळचा वाटतो, पण हे हेक्टर आहेत. आपलं क्षेत्र शंभरपट मोठं आणि माणसांनी भरलेलं.) मात्र त्याच वर्षी मोनार्क निधी उभा राहिला आणि तोडीचा परवाना सोडणाऱ्या एहिदोंना सोडलेल्या लाकडाच्या घनमीटरमागे पैसे मिळू लागले. पुढे मोठ्या प्रमाणावरची बेकायदा तोड बरीच घटली. सगळं गोड झालं असं नाही. एल रोसारियो अभयारण्य सांभाळणारे ओमेरो गोमेस गोन्सालेस जानेवारी 2020 मध्ये बेपत्ता झाले आणि त्यांचा मृतदेह विहिरीत सापडला.

1996-97 च्या हिवाळ्यात मोनार्कनी 18 हेक्टर जंगल व्यापलं होतं. 2023-24 मध्ये 0.9 हेक्टर, म्हणजे सव्वादोन एकरही नाही. दादाची एक बाग त्याहून मोठी आहे. पुढच्या हिवाळ्यात 1.79 झालं, तर इथे लोकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

माझं मत विचाराल तर घाटाला संरक्षण हवंच. तळिये आणि इर्शाळवाडीनंतर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दादाची भीतीही थोडी चुकीची आहे. मसुदा खाणी, दगडखाणी, प्रदूषणकारी कारखाने आणि मोठी बांधकामं रोखतो, काजूची कलमं नाही. पण हे त्याला गावात येऊन कुणी सांगितलेलं नाही. चिऱ्याची खाण बंद झाली की तिथे राबणाऱ्याने काय खायचं, हेही नाही. भाचा ज्याला "तिकडे" म्हणतो, तिथे 1986 साली नेमकं हेच झालं होतं.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. भाच्याने अंगठा टाकला. दादाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: मारुतीच्या देवळामागच्या रुईवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळीचा फोटो, आणि खाली, "त्या मेक्सिकोवाल्यांका घनमीटराक किती गावतत?"