“मेण जळत नसतं, जळते ती वात” या प्रतिक्रियेला उत्तर

मेणबत्ती नीट कशी जाळायची यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर एका वाचक दादांची कॉमेंट आलीय. सगळ्यांनी ती वाचली नसेल म्हणून थोडक्यात सांगते. त्यांचं म्हणणं असं: “मेणबत्ती जाळायला आता क्लास लावायचा का? लाईट गेली की लावायची, आली की फुंकायची. वात कापा, चार तासांनी विझवा हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले. मेण जळत नसतं, जळते ती वात, हे शाळेतलं पोरगंपण सांगेल. फॅरेडेचं सालही चुकलंय. घरात होणाऱ्या धुराबद्दल, दमा असणाऱ्यांबद्दल एक ओळ नाही. गूगलवरून उचललेलं दिसतंय.”

आधी साल. ते माझं अर्धवट होतं, मान्य. मायकेल फॅरेडे या इंग्लिश शास्त्रज्ञानं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली ती पहिल्यांदा १८४८ च्या ख्रिसमसला, आणि १८६०-६१ च्या हिवाळ्यात परत एकदा. मी फक्त दुसऱ्या वेळचं लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. चूक दाखवली तर मला राग येत नाही, पण दाखवायची एक पद्धत असते की नाही? “शाळेतलं पोरगंपण सांगेल” हे वाक्य तुम्ही तुमच्या थोरल्या बहिणीला तोंडावर म्हणाल का? मग मला का म्हणताय, स्क्रीन मधे आहे म्हणून?

आणि गूगल. दादा, माझ्या वडिलांचं सांगलीत गावभागात किराणा दुकान होतं. मेणबत्तीचे पुडे कुठल्या फळीवर ठेवायचे आणि मे महिन्यात तिथून कुठं हलवायचे हे मला दुसरीत असताना माहीत होतं, कारण पत्र्याखालच्या फळीवर राहिले तर दुपारपर्यंत मेणबत्त्या केळीसारख्या वाकायच्या आणि वाकडी मेणबत्ती गिऱ्हाईक परत आणून द्यायचं. आज अकरा वर्षं मी स्वतःच्या स्वयंपाकघरात मेणबत्त्या ओततेय, हाताला भाजल्याचे डाग आहेत. उचललेलं म्हणण्याआधी एकदा विचारायचं तरी.

आता तुमचं ते मुख्य वाक्य. मेण जळत नसतं, जळते ती वात.

घरात देव असतील ना? मग निरांजनातली एक फुलवात घ्या, कोरडी, तूप न लावता, आणि काडी लावा. भप्पकन पेटून काही सेकंदात राख. तसलीच दुसरी वात तुपात भिजवून लावा, आरती होऊन प्रसाद वाटून झाला तरी तेवत असते. कापूस तोच, तेवढाच. मग एवढा वेळ जळलं काय? तूप जळलं. मेणबत्तीत तुपाच्या जागी मेण आहे, एवढाच फरक. ज्योतीच्या उष्णतेनं वरचं मेण वितळतं, ते पातळ मेण केशाकर्षणानं, म्हणजे बारीक फटींतून आपोआप ओढलं जाऊन, वातीतून वर चढतं, वर गेल्यावर तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ हवेतल्या ऑक्सिजनबरोबर जळते. वात मेणानं ओली असते म्हणूनच ती पटकन जळून जात नाही. अख्खी मेणबत्ती संपल्यावर ताटलीत जे थोडंसं उरतं ते बघा आणि मला सांगा, बाकीचं मेण गेलं कुठं? खाली सांडलं नाही, कुणी खाल्लं नाही.

यावरही विश्वास बसत नसेल तर मी भाचीला दाखवते ते करून बघा. मेणबत्ती दोन-तीन मिनिटं चांगली जळू द्या, वारा नसलेल्या जागी. एक काडी पेटवून हातात तयार ठेवा आणि मेणबत्ती हळूच विझवा. वातीवरून पांढऱ्या धुराची एक बारीक दोरी वर जाते. काडी वातीला लावायची नाही, त्या धुराला लावायची, वातीच्या बोटभर वर. ज्योत धुरावरून टुण्णकन उडी मारून वातीवर येऊन बसते. भाची पहिल्यांदा चक्क किंचाळली होती आणि मग आख्खा पुडा संपेपर्यंत तिनं मला उठू दिलं नाही. तो पांढरा धूर म्हणजे मेणाचीच गार होत चाललेली वाफ. मेण जळत नसेल तर ज्योत आली कुठल्या रस्त्यानं?

हे एवढं ताणून लिहितेय कारण वात कापायचं सगळं यावरच उभं आहे आणि तुम्ही नेमकं त्यालाच चोचले म्हणालात. वात लांब राहिली की मेण जास्त ओढलं जातं, वाफ जास्त होते आणि तेवढी जाळायला ज्योतीला हवा पुरत नाही. मग उरलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. ज्योतीचा पिवळा उजेड असतो तोही तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांचाच, फक्त नीट जळणाऱ्या ज्योतीत ते कण वर पोचेपर्यंत जळून जातात. स्टीलचा चमचा पिवळ्या भागात धरा, लगेच काळा. लांब वातीच्या मेणबत्तीवर टोकापासून दोन बोटं उंच धरला तरी काळा होतो. म्हणून साधारण ६ मिलिमीटर वात ठेवायची, लावायच्या आधी, गार असताना.

आणि हे पैसेवाल्यांचं कसं हो? तुमची आजी समईची काजळी झाडत नव्हती का? वात मागंपुढं सारत नव्हती का? माझी आजी दिवेलागणीला समईपुढं बसली की आधी बोटांच्या चिमटीत वातीचं काळं टोक धरून मोडायची, बोटं पदराला न लागतील अशी लांब धरायची, आणि मगच तेल घालायची. तिला कुणी चोचले म्हणालं असतं तर तिनं ऐकून घेतलं नसतं. युरोपातसुद्धा जुन्या मेणबत्त्यांची वात सारखी कापत बसावं लागायचं, त्यासाठी खास कात्र्या असायच्या. १८२५ मध्ये कांबासेरेस नावाच्या फ्रेंच माणसानं पिळाच्या ऐवजी वेणीसारखी विणलेली वात आणली. ती जळताना आपोआप वाकते, टोक ज्योतीच्या कडेला हवेत येतं आणि राख होऊन जातं. आपल्या दुकानातल्या साध्या मेणबत्तीची वात वाकते ती त्यामुळंच. ते काम आधीच दुसऱ्यानं करून ठेवलंय म्हणून तुम्हाला “लावायची आणि फुंकायची” इतकं सोपं वाटतंय!

“लाईट गेली की लावायची” म्हणता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही दुसऱ्या मजल्यावर नऊ माणसं होतो, खाली पाणी, लाईट नाही, मोबाईल बंद पडलेले, आणि मेणबत्त्या किती तर दीड पुडा. पहिल्या रात्री भावानं एक जिन्याच्या तोंडाशी लावली, तिथं वारा. एका बाजूनं ओघळून ओघळून मेण सगळं पायरीवर आणि मेणबत्ती निम्म्या वेळात गार. दुसऱ्या रात्री मी तशीच एक आतल्या खोलीत, वात कापून, स्टीलच्या वाटीत पाणी घालून मधोमध उभी केली, आणि ती पुरली. लहान बाळाला दूध पाजण्यापुरता उजेड रात्रभर राहिला. त्या रात्री ते चोचले नव्हते दादा. हे मी पहिल्या लेखात लिहिलं नव्हतं कारण पुराचं लिहायला मला अजून जमत नाही, पण तुम्ही लिहायला लावलंत.

चार तासांचं आणि “कडेपर्यंत वितळू द्या” हे मी ग्लासातल्या आणि जाड मेणबत्त्यांसाठी लिहिलं होतं, परत वाचा. जाड मेणबत्ती पहिल्या वेळी लवकर विझवली की मधे विहीर पडते, पुढच्या वेळी तेवढंच वितळतं आणि कडेचं मेण वाया जातं. व्यासाच्या दर इंचाला साधारण एक तास धरायचा. बारक्या मेणबत्तीला यातलं काही लागत नाही, हे तुम्हालाही कळलं असतं.

धूर आणि दमा हा वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी सवडीनं लिहीन. वात कापली की धूर तसाही कमी होतो. आणि मी पहिल्या लेखात मेणबत्ती वाऱ्याच्या झोतात ठेवू नका म्हणाले, खिडक्या लावून घ्या असं कुठंही म्हटलेलं नाही.

फुंकण्याचं राहिलं. फुंकर मारली की पातळ मेण उडतं आणि वात धुमसत राहते. त्यापेक्षा काडीनं वात वाकवून वितळलेल्या मेणात बुडवा आणि लगेच सरळ करा, धूर जवळजवळ होतच नाही.

साल दुरुस्त केलंय हे वर सांगितलंच. तुम्ही “गूगलवरून उचललेलं” एवढे दोन शब्द मागं घ्या, बाकीची कॉमेंट तशीच राहू दे, मी डिलीट करणार नाही.