वेळेवर लाजायला शिका

कपाट उघडा. त्यात एखादी तरी वस्तू अशी सापडेल, जी तुम्हाला अजूनही मनापासून आवडते. अंगाला बसते, रंग धड आहे, एक टाका उसवलेला नाही. दुखणं नेमकं हेच. फाटेपर्यंत वापरायचं, हे आधीच्या पिढ्यांना परवडलं. त्यांना दुसरे उद्योग होते. आपल्याला आवड बदलायची असते, आणि तीही वेळेवर.

पँटचंच घ्या. काही वर्षांपूर्वी ती इतकी अरुंद होती की काढताना टाचेपाशी हमखास अडकायची. मग एका हाताने भिंत धरायची, एका पायावर उड्या मारायच्या आणि मोहरी उलटी करून ओढत बसायचं. त्या काळात ढगळ पँटवाला दिसला की आपल्याला त्याची कीव यायची. आता घेर एवढा वाढलाय की एका पायात दोघे मावतील, आणि कीव अरुंदवाल्यांची येते. पाय मधल्या काळात होते तेवढेच राहिले, पण पायांना विचारतो कोण? तेव्हा 'मला ती खरंच शोभायची हो' असं काही मनात येत असेल तर ते काढून टाका. त्या वर्षी ती सगळ्यांनाच शोभत होती.

लाज कधी वाटून घ्यायची, याचं वेळापत्रकसुद्धा तयार आहे. जेम्स लेव्हर या ब्रिटिश वेशभूषा-अभ्यासकानं ते १९३७ साली मांडलं. फॅशन यायच्या दहा वर्षं आधी ती अश्लील वाटते, पाच वर्षं आधी निर्लज्ज, ऐन भरात स्मार्ट. ओसरून वर्ष झालं की गबाळी, दहा वर्षांनी ओंगळ, वीस वर्षांनी हास्यास्पद, तीस वर्षांनी गमतीदार आणि दीडशे वर्षांनी सुंदर. म्हणजे तुमची पँट सुंदर ठरणार हे नक्की, फक्त ते बघायला तुम्ही नसाल. तोवर जुने फोटो आवरा. दहा ते वीस वर्षांपूर्वीचे आधी. (लेव्हरसाहेबांचा वेग मला जरा संथच वाटतो. ओंगळपर्यंत पोहोचायला दहा वर्षं? फोनवर ते एका हंगामात उरकतं.)

रंगांचा विचार करायचा त्रास तर उरलेलाच नाही. पँटोन ही कंपनी दरवर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करते. २०२३ चा झगझगीत किरमिजी, २०२४ चा पीचच्या सालीसारखा मवाळ, २०२५ चा मोका तपकिरी. किरमिजी उशा हौसेनं घेतल्या असतील, तर आता त्यांच्याकडे बघून थोडं खट्टू व्हायची सवय करा. कापड विटत नसेल तर आपण विटावं.

आणि नवी वस्तू कधी एकटी आणू नका. देनी दिदरो या फ्रेंच विचारवंताची गोष्ट माहीत असू द्या. त्याच्याकडे घरात घालायचा एक जुना झगा होता. पुस्तकांवरची धूळ तो त्यानेच झटकायचा, बोरूवर शाई घट्ट झाली की त्यालाच पुसायचा. झग्यावर काळे पट्टे उठले होते. मग नवा उंची लाल झगा आला. त्याच्यापुढे खुर्ची कळकट दिसू लागली, टेबल दरिद्री दिसू लागलं, भिंतीवरची चित्रं उतरली. एकेक करत सगळं बदललं. १७६९ च्या सुमारास त्यानं लिहिलं की जुन्या झग्याचा मी मालक होतो, नव्याचा गुलाम झालो. ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञानं १९८८ मध्ये या प्रकाराला दिदरोचंच नाव दिलं. मला त्याच्या रडण्याचं कारण कळत नाही. घर तर छान जुळून आलं होतं!

साधेपणाची लाट आली तरी गांगरू नका. असलेलं सगळं देऊन टाकायचं आणि रिकामेपणाला शोभतील अशा नव्या टोपल्या आणायच्या.

एवढं करूनही कुणी तुमच्यासारखीच जुनी पँट घालून खुशाल हिंडताना दिसला, तर त्याला सुधारायला धावू नका. तो मागे राहिलाय की सगळ्यांच्या पुढे निघालाय, हे लगेच कळत नाही. लांबूनच मोघम 'मस्त' म्हणा आणि घरी येऊन फोन बघा.