संधी हुकली, पण कोणती?

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रात दरवर्षी तोच वाद रंगतो. एक बाजू म्हणते, हे वर्ष गेलं की पोराचं आयुष्य गेलं. दुसरी म्हणते, मार्कांना काही अर्थ नाही, आमचं कुठे काय अडलं? मग चाळिशीतली माणसं हळहळायला लागतात: गणित सोडायला नको होतं, चित्रकला घरच्यांनी सोडायला लावली, शाळेत संधी होती, हुकली. इथे जर्मनीत बसून हे वाचताना चिडचिड होते, कारण या हळहळीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबलेल्या असतात. काही संधींवर इयत्तेचा शिक्का असतो, त्या गेल्या की गेल्या. बाकीच्या मुळात गेलेल्याच नसतात.

गणिताचंच घ्या. अकरावीत ते सोडलं आणि पुढे गरज पडली, तर राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेला ‘तुरळक विषय’ म्हणून, म्हणजे फक्त त्या विषयापुरतं, बसण्याची सोय आहे. मंडळाच्या प्रत्येक सूचनेत हा शब्द असतो, पण तो कोणी वाचत नाही. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतही निवडक विषयांपुरता प्रवेश मिळतो: नोंदणी ५ वर्षं चालते, परीक्षा वर्षातून दोनदा, एकूण ९ संधी. लोक अडतात ते दोन ठिकाणी. पहिलं, वेगळी गुणपत्रिका हव्या त्या प्रवेशाला चालते का, हे फी भरण्याआधी माहितीपुस्तिकेत बघत नाहीत. दुसरं, थेट बारावीचं पुस्तक उघडतात. अकरावीची त्रिकोणमिती, फंक्शन्स आणि लिमिट्स कच्ची असतील तर इंटिग्रेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या उदाहरणसंग्रहातच गाडी रुतते, आणि दोष वयाला दिला जातो.

ज्यांची शाळाच सुटली त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा अर्ज, आहे. दहावीसाठी किमान पाचवी पास आणि १४ वर्षं पूर्ण, एवढी अट. शाळा सोडल्याचा दाखला शोधण्यातच मुदत निघून जाते, म्हणून तो आधी काढायचा. नावनोंदणी परीक्षेच्या कित्येक महिने आधी होते. फेब्रुवारीत जागं होऊन उपयोग नाही. तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनासाठी संपर्क केंद्राच्या शाळेत जावंच लागतं, ते चुकलं की लेखी चांगली जाऊनही निकाल अडतो. आयटीआय झालेल्यांना तर ट्रान्सफर ऑफ क्रेडिट आहे, म्हणजे तिथले गुण मंडळाच्या परीक्षेत धरले जातात.

इथे जर्मनीत पस्तिशीचा सुतार नोकरी सांभाळून आबेंडगिम्नाझियुमला, म्हणजे रात्रशाळेला, जातो, तीन-साडेतीन वर्षांत आबिटूर, म्हणजे इथली बारावी, करतो, शेवटच्या तीन सत्रांना बाफोग हे सरकारी शिक्षणसाहाय्यही मिळू शकतं. शेजारीपाजारी कोणी ‘या वयात?’ म्हणत नाही. आपल्याकडे सोय आहे, पण त्या प्रश्नाची लाज सोयीपेक्षा मोठी आहे. माझा सगळा राग त्या लाजेवर आहे. अर्थात इथलं सगळंच सांगायचं तर हेही सांगावं लागेल की बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि एकदा आबिटूर पास झालं की गुण वाढवायला पुन्हा बसता येत नाही. आपल्या मंडळात श्रेणीसुधारच्या, म्हणजे पास होऊनही गुण वाढवण्याच्या, लगतच्या ३ संधी मिळतात. या बाबतीत महाराष्ट्र उदार आहे, आणि ते कबूल करताना मला बरंच वाटतं.

आता खरोखर हुकणाऱ्या संधी. त्यांच्याविषयी मात्र वाद होत नाही. एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा फक्त आठवीत: ९० प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, ९० शालेय विषयांचे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, शाळा शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेची हवी, अर्ज शाळेमार्फतच. यात मूल नापास होण्याआधी कागद नापास होतात. उत्पन्नाचा दाखला वेळेत निघत नाही. आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही. आणि निवड होऊनही दरवर्षीचं नूतनीकरण राहिलं की पैसे थांबतात. चौदा वर्षांच्या पोराला यातलं काय ठाऊक असणार? हे काम मोठ्यांचं आहे.

चित्रकलेचंही तसंच. इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षेत ए श्रेणी असेल तर दहावीत ७ वाढीव गुण, बीला ५, सीला ३. त्यासाठी आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट हा क्रम धरावा लागतो. दहावीत आठवण झाली तर हातात अभ्यासाचं वर्ष असतं आणि स्मरणचित्राचा सराव शून्य. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, आठवीपासून देता येते: ३ तास, ३० प्रश्न, उत्तर ०० ते ९९ मधला पूर्णांक. वर्गात पहिली येणारी मुलं तिथे अडखळतात, कारण संख्या सिद्धांत आणि मोजणीची तंत्रं शालेय पुस्तकात जवळजवळ नाहीतच. बारावी संपली की ते दार बंद.

निकालाच्या आठवड्यात स्वतःच्या हुकलेल्या गणितावर चार परिच्छेद लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी ओळखीच्या आठवीतल्या मुलाला उत्पन्नाचा दाखला काढला का म्हणून विचारलं? हा प्रश्न मलाही लागू आहे. इतक्या लांबून दाखला काढून देता येत नाही, फोन मात्र करता येतो.

इथे दहावीचे टक्के कोणी विचारत नाही. आधी त्यात सुटका वाटते. मग कळतं, विचारत नाहीत कारण तो आकडा कोणाला कळतच नाही: त्यामागचं जागरण, बेंचवरचा नंबर, घरातली शांतता, काहीच नाही. ज्यांना कळतो ती माणसं तिकडे आहेत, त्याच वादात, ज्याचा मला एवढा राग येतो. निकालाच्या दिवशी मंडळाच्या ९ विभागांची टक्केवारी उघडून कोकण या वेळीही वर आहे ना, हे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही.