पत्ता चुकवण्याची शास्त्रोक्त पद्धत

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या एखाद्या काचेच्या इमारतीत आपण कोड लिहीत असाल आणि आपल्या वाट्याला मराठी संकेतस्थळाचे काम आले असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. वेब पत्त्याच्या एन्कोडिंगचा (म्हणजे पत्त्यात थेट न चालणारी अक्षरे टक्क्यांच्या सांकेतिक रूपात लिहिण्याचा) बिघाड जपून वापरला तर निवृत्तीपर्यंत पुरतो. तो मुळापासून दुरुस्त करण्याची घाई काही होतकरू मंडळी करतात आणि पुढच्याच सोमवारी त्यांच्या गळ्यात नवे काम पडते. आपल्यावर तशी वेळ येऊ नये, म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो. अनुभव माझाच आहे. नौपाड्यातल्या एका फराळवाल्या काकूंचे संकेतस्थळ मी सलग आठ महिने दुरुस्त करत होतो.

पहिले पथ्य म्हणजे नियम वाचू नयेत. टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि लॅरी मासिंटर यांनी जानेवारी २००५ मध्ये आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात सगळे लिहून ठेवले आहे: पत्त्यात कोणती चिन्हे राखीव, कोणती मोकळी, आणि उरलेल्या प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे दोन हेक्स अंक (० ते ९ आणि ए ते एफ यांपैकी) कसे मांडायचे. त्यातच, एकाच मजकुराला दोनदा एन्कोड किंवा डीकोड (म्हणजे परत मूळ रूपात) करू नये, असेही स्पष्ट बजावले आहे. हे वाक्य टीममध्ये कोणाच्या नजरेस पडले, तर माझ्या पुढच्या सगळ्या सूचना वाया गेल्या असे समजावे.

कारण आपली सगळी भिस्त दुहेरी एन्कोडिंगवर आहे. आपला 'ठाणे' हा शब्दच घ्या. ठ, काना, ण आणि मात्रा असे त्याचे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या संगणकी यादीत, चार घटक होतात. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांचा होतो, म्हणजे एकूण ३६ चिन्हे झाली. येथवर सगळे रीतसर आहे. आता हाच मजकूर आपल्या कोडने पुन्हा एन्कोड करावा, म्हणजे प्रत्येक टक्क्याचा %२५ होऊन लांबी ६० वर जाईल. मधल्या प्रॉक्सीनेही (वाटेतल्या मध्यस्थ सर्व्हरने) हातभार लावला, तर ८४ वर. देशातली पहिली प्रवासी आगगाडी १८५३ साली बोरीबंदरहून निघून ३४ किलोमीटर धावली आणि ठाण्याला पोहोचली. आपला पत्ता ८४ चिन्हे धावूनही पोहोचत नाही. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, %२५२० दिसू लागले, की दुहेरी एन्कोडिंग नीट बसले असे खुशाल मानावे. एकेरी एन्कोडिंगमध्ये रिकाम्या जागेचे नुसते %२० होते.

कोणी तक्रार केलीच, तर दोनदा एन्कोड कुठे होते ते शोधत बसू नये. पलीकडच्या टोकाला आणखी एक डीकोड लावून द्यावा. काकूंच्या 'दिवाळी ५०% सूट' या पानावर मी नेमके हेच केले. फ्रेमवर्कने (संकेतस्थळाच्या तयार सांगाड्याने) एकदा डीकोड करून पन्नास टक्के व्यवस्थित हाती दिले होते. मी ते पुन्हा डीकोड केले, टक्क्यापुढे हेक्स अंक सापडेनात, आणि ऐन वसुबारसेला संध्याकाळी पानाने 'यूआरआय मालफॉर्म्ड', म्हणजे पत्ता बिघडलेला आहे, म्हणून मान टाकली. 'टक्का शिल्लक असेपर्यंत डीकोड करत राहा' असा लूप लावण्याचा सल्ला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने दिला होता. तो मी मोहात पडूनही मानला नाही, कारण कलेतही संयम लागतो.

फंक्शन निवडताना नाव पाहून निवडावे, काम पाहून नव्हे. जावास्क्रिप्टमधले एनकोडयूआरआय हे अख्ख्या पत्त्यासाठी असल्यामुळे अँपरसँड (&), अधिक, तिरकी रेघ, हॅश या राखीव चिन्हांना हात लावत नाही. पत्त्यात घालायच्या एकेका तुकड्यासाठी एनकोडयूआरआयकंपोनंट वापरायचे असते. आपण अर्थातच पहिले वापरावे, नाव आटोपशीर आहे. काकूंची मेनूची वही या प्रयोगासाठीच जन्मली होती. 'थालीपीठ & दही' मागितले, की सर्व्हरला नुसते थालीपीठ मिळे आणि दही हा स्वतंत्र पॅरामीटर (वेगळी मागणी) होऊन बाजूला बसे. 'चकली १+१' मधले अधिकचिन्ह सर्व्हर फॉर्मच्या जुन्या रिवाजाप्रमाणे रिकामी जागा समजे. 'कॉम्बो #४' मधला हॅश आणि त्यापुढचा मजकूर ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, त्यामुळे कोणताही कॉम्बो मागवला तरी एकच पान उघडे. जावाच्या यूआरएलएन्कोडरने तर नावातच फसवले आहे: तो फॉर्मसाठी आहे, रिकाम्या जागेचे अधिक करतो, आणि पत्त्याच्या मार्गात ते अधिक तसेच राहते. 'साजूक+तूप' या नावाची वस्तू काकूंकडे नव्हती. 'लाडू १/२ किलो' ची तिरकी रेघ मी नीट एन्कोड केली, हा माझा एकमेव प्रमाद. पण अपाचे सर्व्हर मूळ मांडणीत अशी रेघ असलेला पत्ता नाकारून ४०४ देतो, म्हणून अब्रू वाचली.

चाचणी नेहमी 'टेस्ट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून करावी. त्या अक्षरांना एन्कोडिंग लागतच नाही, त्यामुळे आपल्या यंत्रावर सगळे चालते आणि तक्रारीवर 'पुन्हा घडत नाही' असा शेरा मारून चार सत्तावीसची पनवेल पकडता येते.

एवढे करूनही कोणी हुशार निघालाच, तर त्याच्यापुढे 'वऱ्हाडी ठेचा' ठेवावा. काकूंच्या यादीत तो तीनदा होता, पडद्यावर तिन्ही नावे अगदी सारखी, उघडायचा मात्र एकच. पहिल्यात ऱ हे एकसंध अक्षर होते, दुसऱ्यात र आणि खाली नुक्ता, तिसऱ्यात र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. नुसत्या 'वऱ्हाडी' या शब्दाची पहिल्या रूपात ६३ चिन्हे होतात, बाकीच्या दोन्हींत ७२. एन्कोड करण्याआधी एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणले, तर पहिली दोन एक होतात. तिसरे होत नाही, तो जॉइनर वेगळा हाताळावा लागतो. मला हे सहाव्या महिन्यात कळले आणि मी दोन महिने कोणाला सांगितले नाही.

काकूंनी .भारत शेपटाचा पत्ता घ्यायचे मनावर घेतले, तर जरूर उत्तेजन द्यावे. त्या भागात टक्के नव्हे, पुनीकोड (इंग्रजी अक्षरे-अंकांत लिहिण्याची वेगळी पद्धत) चालतो. म्हणजे एकाच पत्त्याच्या दोन भागांना दोन कायदे, आणि आपल्याला आणखी एक वर्ष.

शेवटी हिशेबाचे. आठव्या महिन्यात काकूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली त्यांच्याच अनारशांची लिंक मला दाखवली. निळी, चार ओळींची, आत दीडशेच्या वर टक्के. चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणाल्या, "अरे, हे एवढे टक्के कसले कापतोस? आपलं तर पाच ठरलं होतं ना?" मी गंभीरपणे मान हलवली आणि तीनवर तडजोड केली.