उंबरठा आधीच झिजलेला असतो

नमस्कार. जुन्या घराचं कलाकेंद्र करावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जुन्या राहत्या घराचं संग्रहालय व्हावं; तिथे चित्रांच्या कार्यशाळा आणि नाचाचे वर्ग भरवणं म्हणजे पूर्वजांच्या घराची धर्मशाळा करणं, असं तुमचं म्हणणं. 'धर्मशाळा' जरा लागलं, खोटं कशाला बोलू?

एक चूक आधी कबूल करतो. वरच्या मजल्यावर नृत्याचे वर्ग घ्या, असं मी बिनधास्त लिहून गेलो. हल्लीच्या हिशेबात राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. मोकळ्या सभागृहाला ५०० धरावा लागतो. त्यात जुनी तुळई कुजते ती बहुधा भिंतीत गेलेल्या टोकाला, जे कुणाला दिसतच नाही. तेव्हा नाच तळमजल्यावरच.

बाकीचं मात्र पटलं नाही. कुलूपबंद घराचं काय होतं, पाहिलंय ना? ओल भिंतीत मुरते, वाळवीला हटकणारं कुणी नसतं, सरकलेलं कौल पावसाळा संपल्यावर कळतं. वर्ग भरणाऱ्या घरात गळती त्याच दिवशी कळते, कारण ती कुणाच्या तरी ओल्या चित्रावर टपकते. (मग घाईघाईने सिमेंट थापू नये. चुन्याच्या भिंतीतली ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात.)

आणि संग्रहालय की कलाकेंद्र, असं एकच का निवडायचं? कोलकात्याच्या जोरासांको भागातलं टागोर कुटुंबाचं घर, ठाकूरबाडी, घ्या. रवींद्रनाथ १८६१ साली जन्मले ते तिथे, १९४१ साली गेले तेही तिथेच. घरच्याच मंडळींनी तिथे नाटकं केली. १९६२ साली तिथे रवींद्र भारती विद्यापीठ सुरू झालं. संग्रहालयही त्याच वास्तूत आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जिम ईड या कलासंग्राहकाने चार पडक्या घरांचं एक घर केलं, दुपारी विद्यार्थ्यांना दार उघडं ठेवलं, खोलीत लावायला चित्रंही उसनी दिली. १९६६ साली घर विद्यापीठाला दिलं. तिथल्या खुर्च्यांवर पाहुण्यांनी बसावं, अशीच पद्धत.

उंबरठा झिजेल म्हणता. तो मधोमध आधीच खोलगट झालेला असतो, घरच्याच पायांनी. पण माजघरात फोटो, भांडी, पत्रं जशीच्या तशी राहावीत आणि तिथे वर्ग भरू नये, ही तुमची सूचना रास्त आहे. लेखात ती घातली आहे, मजल्याची ओळही बदलली आहे.